जंतूला औषधाची ‘सवय’ लागते का?



आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘आरोग्य व रोग’ हा पाठ आहे. मी तो बरीच वर्षं शिकवते आहे. हिवतापाचा भाग आला की मी फळ्यावर एक वाक्य ठरलेलं लिहायचे : ‘औषध अर्धवट सोडले तर जंतूंना औषधाची सवय होते.’ मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तसंच लिहायची आणि मी पूर्ण मार्क द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात असंच लिहिलं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला.

“मॅडम, सवय लागायला जंतूला डोकं असते का?”

वर्ग हसला, मीही हसले. पण खरं सांगते, उत्तर माझ्याकडे नव्हतं. “उद्या सांगते,” म्हणाले आणि पुढे सरकले. ते ‘उद्या’ यायला मला महिना लागला. त्या महिन्यात काय काय कळलं ते इथे लिहिते आहे, कारण हेच वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या फळ्यावर असणार असं मला वाटतं.

आधी आमच्या भागाबद्दल. मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे हिवताप हा पुस्तकातला विषय नाही. जुलै उजाडला की हजेरीपटावर लाल खुणा वाढतात. गावात आशाताई बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताची तपासणी करतात, आणि कुठला हिवताप आहे त्याप्रमाणे गोळ्या देतात. मुलांना ‘फॅल्सिपेरम’ आणि ‘व्हायव्हॅक्स’ हे शब्द पाठ्यपुस्तकाआधी घरी कळलेले असतात. पालकसभेत मी औषधाचा विषय काढला की एखादे काका हमखास म्हणतात, “बरं वाटलं ना मॅडम, मंग कायले खायच्या गोळ्या?” आणि उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात, पुढच्या तापाला कामी येतील म्हणून.

मी त्यांना उपदेश करायचे. माझ्या घरात काय झालं होतं ते मात्र सांगत नसे.

माझ्या घरातली गोष्ट

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझ्या मुलाला व्हायव्हॅक्स हिवताप झाला होता. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन, असं लिहून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी आम्ही लग्नाला गावी निघालो. गोळ्यांचं पाकीट घरी टेबलावर राहिलं. फोन करून विचारता आलं असतं, तिथे आरोग्य केंद्र होतं. पण पोरगा मांडवात धावत होता, मला निकड वाटली नाही. शिकवणारी मी, आणि अर्धवट सोडणारीही मीच.

जुलैमध्ये त्याला पुन्हा थंडी वाजून ताप आला. पुन्हा व्हायव्हॅक्स. मी मनात म्हटलं, झालं, जंतूंना सवय लागली. वर्गातही तसंच सांगून टाकलं, ‘एका मुलाच्या बाबतीत असं झालं’ म्हणून. त्याच तासाला तो डोक्याचा प्रश्न आला.

रक्ताचा अहवाल आणायला गेले तेव्हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या सरांना मी विचारलं, “जंतू औषधाला सरावले म्हणायचं का?” ते म्हणाले, “मॅडम, औषधाला सरावायला औषध त्यांच्यापर्यंत पोचायला तर हवं!”

मग त्यांनी समजावलं. व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, यकृतात झोपलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी ते चौदा दिवसांचं प्रायमाक्विन असतं. ते पुरं झालं नाही तर झोपलेले काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उठतात आणि ताप परततो. “नवा डासही चावला असेल, ते मला काचेवर दिसत नाही,” असंही ते म्हणाले. “पण यावरून औषध निकामी झालं असं म्हणू नका. ती वेगळी गोष्ट आहे.”

म्हणजे मी वर्गात दोन चुका केल्या होत्या. उलटून आलेल्या तापाला मी ‘प्रतिकार’ म्हटलं होतं. आणि खरा प्रतिकार कसा येतो हे विचारल्यावर ‘सवय’ म्हणून मोकळी झाले होते.

मग खरा प्रतिकार म्हणजे काय?

हे समजून घ्यायला मी क्लोरोक्विनचीच गोष्ट घेतली, कारण ती पूर्ण माहीत झालेली गोष्ट आहे.

हे औषध १९३४ साली जर्मनीत तयार झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पोचलं. स्वस्त, सोपं, मुलांना देता येणारं. काही देशांत तर ते मिठात मिसळून वाटलं गेलं. ब्राझीलमध्ये १९५० च्या दशकात हा प्रयोग झाला. म्हणजे लाखो लोकांच्या रक्तात थोडं थोडं औषध सतत. १९५० चं दशक संपता संपता थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि तिकडे कोलंबियात, फॅल्सिपेरम हिवतापाचे रुग्ण क्लोरोक्विननं बरे होईनासे झाले. आपल्या देशात १९७३ मध्ये आसाममध्ये हे पहिल्यांदा नोंदलं गेलं. १९७० चं दशक संपण्याआधी पूर्व आफ्रिकेतही ते दिसलं.

परजीवीत नेमकं काय बदललं होतं हे मात्र २००० साली कळलं.

हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि हिमोग्लोबिन खातो. (आपण सोयीसाठी ‘जंतू’ म्हणतो, पण तो जिवाणूही नाही आणि विषाणूही नाही, एकपेशीय आदिजीव आहे.) हिमोग्लोबिन पचवल्यावर ‘हीम’ नावाचा भाग उरतो. तो परजीवीसाठी विष असतो. म्हणून तो त्याचे स्फटिक करून बाजूला टाकतो. आपण ओला कचरा वाळवून पोत्यात बांधून ठेवावा, तसं. क्लोरोक्विन परजीवीच्या त्या पोटात, म्हणजे अन्नरिक्तिकेत, जाऊन साठतं आणि स्फटिक होऊ देत नाही. परजीवी स्वतःच्याच कचऱ्यानं मरतो.

त्या पोटाच्या भिंतीत एक प्रथिन दारासारखं बसलेलं असतं. ते ४२४ अमिनो आम्लांच्या साखळीचं आहे. साखळीतल्या ७६ व्या जागी लायसिन असतं. लायसिनवर धन विद्युतभार असतो. पोटात साठलेल्या क्लोरोक्विनवरही धन भार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात हे आपण मुलांना शिकवतोच. म्हणून साध्या परजीवीत हे दार क्लोरोक्विनला बाहेर पडू देत नाही.

प्रतिकारक परजीवीत त्या ७६ व्या जागी थ्रिओनिन सापडलं. त्यावर तसा भार नाही. दार उघडं पडलं, क्लोरोक्विन पोटातून बाहेर जाऊ लागलं आणि परजीवी वाचला.

हा बदल डीएनएत किती मोठा असेल? एका अक्षराचा. ‘एएए’ च्या जागी ‘एसीए’. मराठीच्या शिक्षकांना हे चटकन पटेल. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. एका वेलांटीनं अर्थ कुठल्या कुठे जातो. (त्या दाराला नीट काम करायला या बदलासोबत आणखी काही बदल लागतात. म्हणून पूर्ण जमलेलं दार क्वचितच तयार झालं. पण आग्नेय आशियात जमलेलं दारच पुढे आफ्रिकेपर्यंत पसरलं.)

चूक आधी, औषध नंतर

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. हे अक्षर बदललं कुणी? औषधानं? नाही. परजीवीनं ठरवून? नाही.

परजीवी वाढतो तेव्हा दर वेळी त्याच्या डीएनएची नक्कल होते. फॅल्सिपेरमच्या डीएनएत साधारण २ कोटी ३० लाख अक्षरजोड्या आहेत. एवढं उतरवून काढताना कुठेतरी चूक होणारच. एका ठरावीक अक्षराची चूक होण्याची शक्यता फारच थोडी, साधारण अब्जात एक. पण एका आजारी माणसाच्या रक्तात परजीवीच अब्जावधी असू शकतात. रक्तात दर अठ्ठेचाळीस तासांनी नवी फळी बाहेर पडते. म्हणजे चुका रोज होत असतात, औषध असो वा नसो. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी परजीवीच मरतो. एखादी चूक मात्र अशी निघते, की नेमकं ते औषध आलं तर तोच वाचतो.

औषध चूक घडवत नाही, ते निवड करतं. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि जागा मोकळी झाल्यामुळे याचंच कुटुंब वाढतं. पुढचा डास चावतो तेव्हा तो हेच कुटुंब घेऊन जातो. दहावीच्या ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात आपण उत्परिवर्तन आणि नैसर्गिक निवड शिकवतो, ते हेच. माझ्या डोक्यात मात्र आठवीचा हिवताप एका कप्प्यात होता आणि दहावीचा डार्विन दुसऱ्या.

मूग आणि उडीद

हे वर्गात सांगून भागलं नसतं. म्हणून घरून मूग आणि काळे उडीद नेले. खेळ सोपा आहे, तुम्हीही करून बघा.

एका ताटात ९६ मूग आणि ४ उडीद. मूग म्हणजे साधे परजीवी, उडीद म्हणजे चूक झालेले. प्रत्येक फेरीत ‘औषध’ येतं : चारातले तीन मूग काढून टाकायचे, उडदाला हात लावायचा नाही. मग उरलेल्यांची ‘वाढ’ : जितके असतील तितके आणखी घालायचे, दुप्पट करायचे.

पहिली फेरी : मूग ९६ चे २४, दुप्पट ४८. उडीद ८.
दुसरी फेरी : मूग २४, उडीद १६.
तिसरी फेरी : मूग १२, उडीद ३२.
चौथी फेरी : मूग ६, उडीद ६४.

चार फेऱ्यांत ताट काळं झालं. मी मुलांना एकच प्रश्न विचारला, “यातला एक तरी मूग बदलून उडीद झाला का?”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “नाही मॅडम. मूग मेले. उडीद पहिल्यापासूनच होते.” मी फळ्यावरचं माझं जुनं वाक्य त्याच्याकडून पुसून घेतलं.

मग एका मुलीनं मला पुन्हा अडकवलं. “मॅडम, औषध घेतलं तरी उडीद वाढतातच. मंग घ्यायचं कायले?”

प्रश्न बरोबर होता. याच प्रश्नामुळे आता हिवतापावर एकट्या औषधावर भिस्त ठेवत नाहीत. समजा, एका औषधातून लाखात एक परजीवी वाचतो आणि दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या औषधातून लाखात एक. दोन्ही एकत्र दिली तर दोन्हींतून वाचणारा हजार कोटींत एखादाच. (आकडे समजण्यापुरते आहेत.) फॅल्सिपेरमसाठी मिळणाऱ्या पाकिटात दोन प्रकारची औषधं असतात ती यासाठी. आर्टेमिसिनिन गटातलं औषध झपाट्यानं परजीवी कमी करतं आणि रक्तातून लवकर निघून जातं. सोबतीचं औषध जास्त दिवस राहून उरलेसुरले संपवतं. म्हणून भारतात २००९ मध्ये तोंडी घ्यायच्या एकट्या आर्टेमिसिनिनच्या गोळ्यांवर बंदी आली.

अर्धं पाकीट खाल्लं की हे गणित मोडतं. शेवटच्या गोळ्या राहिल्या तर औषधाची मात्रा अपुरी पडते. अपुऱ्या मात्रेत पूर्ण उडीदच नव्हे, थोडेसे काळपट मूगही वाचतात. डब्यातल्या उरलेल्या दोन गोळ्या धाकट्या भावाला देणं म्हणजे हेच. त्याला कुठला हिवताप आहे, मुळात हिवताप आहे का, हेही माहीत नसतं. गोळ्यांची पाकिटं वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांची असतात, ती उगीच नाही.

मलावीतली गोष्ट

खेळ इथेच संपवला असता तर मुलं घाबरून घरी गेली असती. म्हणून दुसरा डाव मांडला.

आफ्रिकेतल्या मलावी देशात क्लोरोक्विन निकामी होत चाललं होतं. १९९३ मध्ये त्यांनी ते बंद केलं आणि दुसरं औषध सुरू केलं. नंतर शास्त्रज्ञांनी परजीवींमधलं ते ७६ व्या जागेचं अक्षर तपासलं. १९९२ मध्ये तिथले सुमारे ८५ टक्के परजीवी प्रतिकारक होते. २००० मध्ये उरले १३ टक्के. ब्लँटायर शहरात मुलांवर क्लोरोक्विनची पुन्हा चाचणी झाली, तिचा निकाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. क्लोरोक्विन ९९ टक्के मुलांत लागू पडलं होतं.

असं कसं झालं? ते बदललेलं दार फुकट मिळत नाही. त्यानं परजीवीच्या रोजच्या कामात थोडी अडचण होते. औषध आहे तोवर ही अडचण परवडते. औषध गेलं की साधा परजीवी पुढे निघतो.

ताटात ६ मूग, ६४ उडीद होते. औषध बंद. या वेळी मूग दुप्पट करायचे, उडीद तेवढेच ठेवायचे. मूग १२, २४, ४८, ९६. चौथ्या फेरीला मूग पुन्हा पुढे. (प्रत्यक्षात फरक याहून बराच कमी असतो, म्हणून मलावीला वर्षं लागली.) याही वेळी एकही उडीद मूग झाला नाही. जे थोडे साधे उरले होते तेच वाढले.

“मग मलावीनं क्लोरोक्विन परत सुरू केलं असंल,” एकजण म्हणाला. मी म्हटलं, ताटाकडे बघून सांग. त्यानं ६४ उडीद बघितले आणि मान हलवली. खरंच, २००७ मध्ये मलावीनं आर्टेमिसिनिन गटाचं जोडऔषध निवडलं.

आता पाळी कुणाची?

आर्टेमिसिनिन हे औषध चीनच्या तू योयो यांच्या कामातून मिळालं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात त्यांनी जुन्या वैद्यकग्रंथांतल्या एका वनस्पतीवर काम केलं. त्यासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण याच औषधाला परजीवी हळू दाद देऊ लागल्याचं पश्चिम कंबोडियात आधीच दिसलं होतं. त्यामागचे बदल ‘केल्च १३’ नावाच्या जनुकात आहेत हे २०१४ मध्ये कळलं. पुढे आफ्रिकेतही, रवांडा आणि युगांडात, असे परजीवी सापडले. आपल्या ईशान्य भारतात सोबतीचं औषध कमी पडू लागल्यामुळे २०१३ मध्ये तिथली जोडी बदलावी लागली. हातात औषधं मोजकी आहेत. एक गेलं की दुसरं तयार असेलच असं नाही.

पालकसभेत मी आता वेगळं बोलते. आधी माझ्या घरची लग्नाची गोष्ट सांगते. पहिल्यांदा सांगताना लाज वाटली. पण “कायले खायच्या?” विचारणारे काका त्या दिवशी शांत बसून ऐकत होते. नंतर म्हणाले, “म्हणजे तुमचंबी चुकते.” चुकते. मग मी तीन गोष्टी सांगते.

एक : आपल्या अंगाला किंवा जंतूला सवय लागत नाही. थोडे वेगळे जंतू आधीच असतात, आपण त्यांना जागा करून देतो.

दोन : ताप परत आला की स्वतः निदान करू नका. झोपलेला परजीवी उठला, नवा डास चावला, की औषध लागू पडलं नाही, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात जा.

तीन : लिहून दिलेला डोस, लिहून दिलेले दिवस. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, काहींना त्रासही होतो. म्हणून एकाचं औषध दुसऱ्याला द्यायचं नाही. त्रास झाला तर मनानं बंद न करता विचारायचं.

माझ्या मुलानं दुसऱ्या खेपेला चौदाच्या चौदा दिवस गोळ्या घेतल्या. कॅलेंडरवर रोज तोच फुली मारायचा. चौदाव्या फुलीनंतर रिकामं पाकीट मी वर्गात नेलं आणि फळ्याशेजारी लावलं. ते अजून तिथेच आहे.

फळ्यावरचं वाक्य आता असं आहे : ‘औषध साध्या जंतूंना मारते; वेगळे जंतू उरले तर तेच वाढतात.’ परीक्षेत कुणी ‘सवय होते’ लिहिलं तर मी मार्क कापत नाही, त्याला बोलावून ताटात मूग आणि उडीद मोजायला लावते.

तुमच्या वर्गात हा खेळ करून बघा. आणि मुलांनी माझ्यासारखंच तुम्हाला कुठे अडवलं तर तो प्रश्न नक्की कळवा.